दोनदा जगज्जेती, तरी आपल्याकडे अनोळखी: झुझाना हेय्नोवा नेमकी किती मोठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमची मुलगी अकरावीत आहे, ४०० मीटर हर्डल्स पळते. तिने झुझाना हेय्नोवा या चेक धावपटूच्या जुन्या शर्यतीचा व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, ही दोनदा जगज्जेती आहे, मग हिचं नाव कुणीच कसं घेत नाही? तुम्ही शोधलंत, तर ऑलिम्पिकचं सुवर्णपदक कुठे दिसेना. त्यावरून तुमचा अंदाज असा, की समोर कोणी तगडं नसताना ती जिंकून गेली असावी. आणि खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे: मुलीने हिच्याकडे बघून शिकायचं की नाही?

मी हर्डल्सचा कोच आहे, त्यातही जास्त काम ४०० मीटरचं. हेय्नोवाच्या शर्यती मी मुलींना मुद्दाम दाखवतो, त्यामुळे माझं मत थोडं तिच्या बाजूने झुकलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण तुमच्या प्रश्नात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. ती किती चांगली पळायची हा एक प्रश्न आणि ती किती प्रसिद्ध झाली हा दुसरा. पहिल्याचं उत्तर घड्याळ देतं, दुसऱ्याचं कॅलेंडर.

आधी घड्याळाचं बघू. ऑगस्ट २०१३, मॉस्को, जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी. हेय्नोवा ५२.८३ सेकंदांत पहिली आली. दुसरी आलेली अमेरिकेची डलायला मुहम्मद ५४.०९, तिसरी लशिंडा डेमस ५४.२७. पहिल्या-दुसऱ्यात १.२६ सेकंदांचं अंतर. ज्यांनी ही शर्यत कधी पळलेली नाही त्यांना सव्वा सेकंद म्हणजे काहीच वाटत नाही. शेवटच्या सरळीवर बायकांचा वेग सेकंदाला सात मीटरच्या आसपास राहिलेला असतो, म्हणजे हा फरक आठ-नऊ मीटरचा झाला. जागतिक अंतिम फेरीत, जिथे पदकं शंभराव्या हिश्शावर ठरतात, तिथे आठ-नऊ मीटर!

आणि मागे राहिलेल्या दोघी कोण होत्या तेही बघा. डेमस ही २०११ची जगज्जेती, म्हणजे किताब राखायला आलेली. मुहम्मद पुढे २०१६ मध्ये रिओला ऑलिम्पिक विजेती झाली आणि २०१९ मध्ये तिने विश्वविक्रम मोडला. तेव्हा ‘समोर कोणी नव्हतं’ हे म्हणणं मॉस्कोपुरतं तरी टिकत नाही. त्या वर्षी हेय्नोवा ४०० मीटर हर्डल्समध्ये हरलीच नाही. डायमंड लीगचा, म्हणजे ॲथलेटिक्सच्या मोठ्या स्पर्धांच्या वार्षिक मालिकेचा, किताब तिचा. त्याच ऑगस्टमध्ये चेकियातल्या खेब गावी ३०० मीटर हर्डल्सची ३८.१६ ही जगातली सर्वोत्तम वेळही तिची. ती वेळ जवळपास नऊ वर्षं टिकली. २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या फेम्के बोलने ती मोडली, ३६.८६, आणि तीही चेकियातच, ओस्ट्राव्हाच्या गोल्डन स्पाइक स्पर्धेत. २०२५ मध्ये नीरज चोप्रा भालाफेकीत जिंकला ती हीच ओस्ट्राव्हाची स्पर्धा, असं सांगितलं की मुलांच्या लगेच लक्षात येतं.

दोन वर्षांनी, २०१५ला बीजिंगमध्ये, तिने पुन्हा सुवर्ण जिंकलं, ५३.५०. १९८३ पासूनची विजेत्यांची यादी काढून बघा. मोरोक्कोची नेझा बिदुआन आणि ऑस्ट्रेलियाची जाना रॉलिन्सन (लग्नाआधीची पिटमन) या दोघींनीही दोनदोनदा जिंकलं, पण मध्ये एकेक स्पर्धा सोडून. लागोपाठ दोनदा जिंकणारी हेय्नोवा पहिली.

आता इतर काळाशी तुलना. इथे मी जपून बोलेन, कारण ४०० हर्डल्सची वेळ वाऱ्यावर, लेनवर, ट्रॅकवर आणि आता तर बुटांवरही अवलंबून असते. वळणावर समोरून वारा आला तर पावलं आखूड पडतात आणि सगळं गणित सरकतं. गेल्या सात-आठ वर्षांत नव्या फोमचे स्पाइक्स आले, त्यांचा फायदा कुणाला किती होतो यावर कोचमंडळींत अजून वाद चालतात. म्हणून ‘तिची ५२.८३ आजच्या किती बरोबर’ असं मी सांगणार नाही. पण तिच्या आसपासच्या अंतिम फेऱ्यांशी ताडून बघता येतं. लंडन २०१२च्या ऑलिम्पिकला डेमस ५२.७७ पळाली होती (तिथलं सुवर्ण आज तिच्या नावावर आहे, ते कसं ते पुढे येईल), म्हणजे तिथे हेय्नोवाची मॉस्कोची वेळ अगदी लागूनच आली असती. रिओ २०१६चं सुवर्ण ५३.१३ला गेलं, लंडन २०१७चं जागतिक सुवर्ण ५३.०७ला. दोन्हीकडे ५२.८३ पुरून उरली असती. २०१९च्या दोहाच्या जागतिक स्पर्धेत मात्र या वेळेला तिसरा क्रमांक मिळाला असता आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथा. टोकियोपासून अमेरिकेची सिडनी मॅक्लॉफ्लिन आणि बोल यांनी ही शर्यतच बदलून टाकली. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकचं सुवर्ण ५०.३७ला गेलं. आजच्या मुली यूट्यूबवर आधी मॅक्लॉफ्लिन बघतात आणि मग २०१३ची शर्यत बघून म्हणतात, ‘ही तर हळू पळतेय.’ तसं नसतं. त्या वेळी विश्वविक्रम ५२.३४चा होता आणि तोही २००३ पासून कोणाला मोडता आलेला नव्हता. हेय्नोवा त्याच्यापासून अर्ध्या सेकंदावर होती.

आता प्रसिद्धीचा भाग. तिची सगळ्यात चांगली वर्षं कोणती? २०१३ आणि २०१५. ऑलिम्पिक कधी? २०१२ आणि २०१६. सगळी गोम इथे आहे. ॲथलेटिक्स वर्षभर बघणारा माणूस जगात कुठेही थोडाच. बाकीचे चार वर्षांतून एकदा बघतात आणि त्या पंधरवड्यात जे दिसतं तेवढंच लक्षात ठेवतात. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पी. टी. उषा १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये याच शर्यतीत ५५.४२ पळाली आणि तिचं कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकलं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. बायकांची ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये त्याच वर्षी पहिल्यांदा आली होती. उषाचं मोठेपण मला कमी करायचं नाही. तिची ती वेळ भारतात इतकी वर्षं टिकली, की २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत विद्या रामराजने तिची बरोबरी केली तेव्हा तीच बातमी झाली. पण ऑलिम्पिकमधला चौथा क्रमांक एका देशाला पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतो आणि दोन जागतिक सुवर्णं बाहेरच्या जगाला आठवत नाहीत, हा फरक पळण्याचा नाही, बघणाऱ्यांचा आहे.

गंमत म्हणजे रिओत हेय्नोवाही चौथीच आली. ५३.९२. कांस्यपदक ५३.७२ला गेलं. पुढच्या वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेतही चौथी.

लंडन २०१२चं काय झालं ते तर आणखी विचित्र आहे. त्या दिवशी रशियाची नताल्या अँत्युख ५२.७०ला पहिली, डेमस ५२.७७ला दुसरी, हेय्नोवा ५३.३८ला तिसरी. कांस्यपदक. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, मॉस्कोच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या नोंदींच्या आधारे अँत्युखचे त्या काळातले निकाल उत्तेजकांच्या प्रकरणात रद्द झाले. डेमस सुवर्णपदकाची मानकरी ठरली आणि हेय्नोवाचं कांस्य रौप्य झालं. कागदावर आज ती ऑलिम्पिक रौप्यपदक विजेती आहे. पण जे रौप्य स्टेडियममध्ये, झेंडा वर जाताना मिळायला हवं होतं ते दहा वर्षांनी मिळालं, तर त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींची होते. जाहिरातदार येत नाहीत, मुलाखतीला कोणी बोलवत नाही. उत्तेजकांबद्दल बोलताना आपण विक्रम आणि पदकांचं बोलतो. खेळाडूच्या ऐन उमेदीची वर्षं त्यात जातात, त्यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

म्हणून ‘अनोळखी’ हा शब्द मी आपल्यापुरता आणि युरोपाबाहेरच्या जगापुरताच मान्य करतो. तिच्या घरी ती अनोळखी अजिबात नव्हती. २०१३ मध्ये चेक क्रीडापत्रकारांनी तिला वर्षाची सर्वोत्तम क्रीडापटू निवडलं आणि त्याच वर्षी ती युरोपची सर्वोत्तम महिला ॲथलीट ठरली. हा मान तिथे सहज मिळत नाही. चेकियात आइस हॉकी आणि फुटबॉल आधी, मग टेनिस. ॲथलेटिक्समध्येही नावं थोडी नाहीत. एकाच ऑलिम्पिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन जिंकणारा एमिल झाटोपेक, ८०० मीटरचा १९८३चा १:५३.२८ हा विक्रम अजून जिच्या नावावर आहे ती यार्मिला क्राटोख्विलोव्हा, ९८.४८ मीटरचा भालाफेकीचा विक्रम असलेला यान झेलेझ्नी आणि हेय्नोवाच्याच काळातली भालाफेकपटू बार्बोरा श्पोताकोव्हा. इतक्या गर्दीत हर्डल्सवाली मुलगी वर येणं म्हणजे पळण्यात काहीतरी दिसलं असणार.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो, कारण तुमच्या मुलीला उपयोग इथेच आहे.

हेय्नोवा लिबेरेत्सची, जन्म डिसेंबर १९८६. मोठी बहीण मिखाएला हेप्टॅथलॉन (सात प्रकारांची एकत्र स्पर्धा) खेळायची. झुझाना २००३ मध्ये, सोळाव्या वर्षी, कॅनडात शेरब्रुकला जागतिक युवा स्पर्धा जिंकली. २००५ला काउनासमध्ये युरोपीय ज्युनियर सुवर्ण. २००८ला बीजिंग ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत सातवी. आणि मोठ्या गटातलं पहिलं मोठं वैयक्तिक पदक? २०१२ला, हेलसिंकीच्या युरोपीय स्पर्धेत कांस्य. सुवर्ण तिच्याच देशाच्या देनिसा रोसोलोव्हाला. त्यानंतर काही आठवड्यांनी लंडन. म्हणजे युवा जगज्जेतेपद ते ऑलिम्पिक पदक, मध्ये नऊ वर्षं. आपल्याकडे सोळाव्या वर्षी चमकलेल्या मुलीला विसाव्या वर्षी पदक नाही मिळालं तर ‘संपली’ म्हणतात. आईबाप म्हणतात, नातेवाईक म्हणतात, कधी कोचही म्हणतात. तिची त्या नऊ वर्षांतली कामगिरी बघा, ती उतरत नव्हती, सावकाश चढत होती.

त्या चढण्यात तिला तिथल्या व्यवस्थेचाही आधार होता. ती प्रागच्या दुक्लाकडून पळायची. दुक्ला म्हणजे चेक सैन्याचं क्रीडा केंद्र. खेळाडूला पगार मिळतो, सरावाची सोय होते, पोटाची चिंता मिटते. आपल्याकडे सैन्यदल आणि रेल्वे हेच करतात. हे नसतं तर नऊ वर्षं वाट बघणं शक्य झालं असतं का, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. बहुधा नसतं.

दुसरी गोष्ट, ती फक्त हर्डल्सवर जगली नाही. २०११ला पॅरिसच्या युरोपीय इनडोअर स्पर्धेत ती पेंटॅथलॉनमध्ये उतरली होती, म्हणजे हर्डल्सबरोबर उंच उडी, गोळाफेक, लांब उडी आणि ८०० मीटर. २०१७ला बेलग्रेडच्या युरोपीय इनडोअर स्पर्धेत साध्या ४०० मीटरमध्ये रौप्य. ज्या मुलीला उडी मारता येते आणि हर्डल्सशिवायही ४०० जोरात पळता येतं, तिला हर्डलच्या आधी पाऊल जुळलं नाही तरी घाबरायला होत नाही. माझ्याकडे नवी मुलगी आली की मी पहिले काही महिने तिला लांब उडीच्या पिटात नेतो, यामागे कारण हेच.

आता पावलांचं बघू, कारण ४०० हर्डल्स पावलांवरच जिंकली किंवा हरली जाते. बायकांचं हर्डल ७६.२ सेंटिमीटर उंच. पहिलं ४५ मीटरवर, मग दर ३५ मीटरवर एक, अशी दहा. शेवटच्या हर्डलपासून फिनिश ४० मीटर. दोन हर्डल्समधल्या ३५ मीटरमधले साधारण तीन मीटर उडीतच जातात: टेकऑफ हर्डलच्या दोनेक मीटर आधी, उतरणं मीटरभर पुढे. उरले ३२. ते १५ पावलांत काढायचे तर एक पाऊल सव्वादोन मीटरच्या जरा आत पडलं पाहिजे. १७ पावलं घेतली तर एक मीटर ९० सेंटिमीटरच्या आसपास. पंधरा किंवा सतरा, विषम आकडा, म्हणजे दर हर्डलवर तोच लीड पाय (हर्डलवरून आधी जाणारा) पुढे. सोळा घेतली की पाय बदलतो. जिला दोन्ही पायांनी हर्डल घेता येतं तिला १५ वरून १६ वर उतरता येतं. जिला येत नाही तिला एकदम १५ वरून १७ वर यावं लागतं आणि तिथे मुली चॉप करतात: हर्डलसमोर पाय आपटत आखूड पावलं घेतात. प्रत्येक चॉपला दोन-तीन दशांश सेकंद सहज जातात. उंच जागतिक धावपटूंचंही सातव्या-आठव्या हर्डलला हेच होतं. पाय जड झालेले असतात, मेंदू पंधरा म्हणत असतो आणि पाऊल दोन मीटरचं पडत नाही.

हेय्नोवाची शर्यत बघताना माझं लक्ष तिथे असतं. सुरुवातीला तिच्याबरोबर पळणाऱ्या असतात. फरक पडतो तो उत्तरार्धात. बाकीच्यांच्या दोन हर्डल्समधल्या वेळा वाढत जातात, तिच्याही वाढतात, पण कमी. जागतिक दर्जाच्या बायका पहिल्या हर्डलला साडेसहा सेकंदांच्या आत-बाहेर पोहोचतात, सुरुवातीची अंतरं चार सेकंदांच्या थोडी वर आणि शेवटची पाचच्या जवळपास जातात. ही घसरण सगळ्यांची होते, पदक तिला मिळतं जिची कमी होते. आणि ही घसरण आवरायला पायाची कमान, घोटा, पिंढरी धडधाकट लागतात. म्हणूनच मॉस्कोनंतर पायाच्या दुखापतीने तिचा २०१४चा हंगाम गेला तेव्हा आम्हाला वाटलं होतं की ही परत तशी पळणार नाही. ती परत आली आणि २०१५ला जिंकली. मला विचाराल तर तिची सगळ्यात मोठी शर्यत मॉस्कोची नाही, बीजिंगची आहे, वेळ जास्त लागूनही. पुढे २०१९ला, बत्तिसाव्या वर्षी, दोहाच्या अंतिम फेरीत ती पाचवी आली, ५४.२३.

आता तुमच्या मुलीसाठी. हिच्याकडून शिकायचं का? जरूर. पण तिची पावलं उचलून मुलीला लावू नका. अकरावीतल्या मुलीने पंधराच्या मागे लागणं मला पटत नाही. उंची, पायाची लांबी, ४०० मीटरची साधी वेळ, यावर सगळं अवलंबून आहे आणि यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. साधारण ६० सेकंदांच्या वर साधी ४०० पळणारी मुलगी १७ पावलांत, न थांबता, न आपटता सगळी हर्डल्स घेत असेल तर ती बरोबर चालली आहे. पंधराचं नंतर बघू. मात्र दोन्ही पायांनी हर्डल घ्यायचं आत्तापासून शिकवा. आठवड्यातून एकदा कमी उंचीची पाच हर्डल्स लावून फक्त ‘नको त्या’ पायाने घ्यायला लावा. पहिले दोन महिने वेडंवाकडं दिसेल, दिसू द्या.

आणि फोन आहेच तर तो कामाला लावा. बाजूने व्हिडिओ घ्या. प्रत्येक हर्डलनंतर पाय जमिनीला टेकला की त्या क्षणाची वेळ वहीत लिहा. शेजारी त्या अंतरात किती पावलं पडली ते. पाचव्या हर्डलपर्यंतचे आकडे एका रांगेत, सहाव्यापासूनचे दुसऱ्या. दोन रांगा शेजारी ठेवल्या की कुठे बिघडतंय ते कोचने सांगायची गरज उरत नाही. मग तेच हेय्नोवाच्या बीजिंगच्या शर्यतीवर करायला सांगा. व्हिडिओ हळू करून पावलं मोजायला मुलींना मजा येते, आणि ‘ही हळू पळतेय’ म्हणणाऱ्या गप्प होतात. उंची, साधी ४००ची वेळ आणि त्या दोन रांगा इथे टाका, पुढचं त्यावर बोलू.